पिवळी खूण

रोहिदासच्या शर्टाच्या खिशात कायम दोन मार्कर असायचे, एक पिवळा आणि एक लाल. पेन मात्र नसायचं. कुठं सही करायची वेळ आली की तो शेजारच्याकडं हात पसरायचा. म्हाळुंग्याच्या कंपनीत गाड्यांच्या सांगाड्याचे भाग वेल्ड होऊन पुढं पुढं सरकत, आणि शेवटी रोहिदाससमोर येऊन थांबत. तो सांध्यावरून अंगठा फिरवायचा, डोळे बारीक करायचा, आणि काम ठीक असेल तर सांध्याशेजारी एक तिरकी पिवळी रेघ ओढायचा. ठीक नसेल तर लाल गोल. लाल गोलाचा भाग लाल पेटीत जायचा आणि शिफ्ट संपताना गॅस कटरनं कापला जायचा, म्हणजे कुणी चुकून किंवा हुशारीनं तो परत लायनीवर चढवायला नको.

एकवीस वर्षं हे चाललं होतं. त्याची पिवळी रेघ असलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आला, असं एकदाही झालं नव्हतं. ही गोष्ट तो स्वतः होऊन कधी सांगायचा नाही. पण दुसरं कुणी सांगेपर्यंत तिथून हलायचाही नाही.

ही सवय घरीही आली होती. गॅसच्या नळीवर पिवळी रेघ, पंख्याच्या हुकावर पिवळी रेघ, पाळण्याच्या कड्यांवर पिवळी रेघ. शालन, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की लग्नात माझ्या कपाळावर नाही ओढली, एवढं नशीब समजायचं.

पण सगळ्यांत जपून ओढलेली रेघ होती ती लेकीच्या सायकलीच्या पोटाखाली.

तनुजा सतरा वर्षांची. बालेवाडीच्या ट्रॅकवर सायकल पळवायची. ही सायकल तुमच्याआमच्या सायकलीसारखी नसते. हिला ब्रेकच नसतो. गिअर फिक्स्ड, म्हणजे मागचं चाक आणि पायडल एकाच जिवाचे. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, मध्येच पाय सैल सोडून बसायची सोय नाही. थांबायचं तर पायांनीच चाकाला हळूहळू मागं ओढायचं. शालननं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, मग यात नवीन काय, हा तर संसारच झाला.

तनुजाची फ्रेम रोहिदासनं स्वतः बनवली होती. विलास म्हणून त्याचा लातूरकडचा दोस्त होता, तळेगावच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये ग्रील आणि रॅक करायचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, असे सात गुरुवार त्या शेडमध्ये घालवून रोहिदासनं चांगल्या स्टीलचे पातळ पाइप कापले, कोन जुळवले, सांधे असे ओढले की विलास म्हणाला, राव, ह्याच्यावर रंग मारायलास म्हणजे पाप करायलास. तरी निळा रंग मारला. मग सायकल उलटी करून पोटाखाली पिवळी रेघ.

त्या फ्रेमवर तनुजा जिल्ह्यात पहिली आली. राज्याच्या चाचणीत मात्र दोनदा हुकली, दोन्ही वेळा टायरच्या रुंदीनं. पुढं गेलेल्या मुलींच्या फ्रेमा कार्बनच्या होत्या. त्यावर रोहिदासचं भाषण ठरलेलं होतं. कार्बन हलका असतो, मान्य. पायाचा जोर वाया जाऊ देत नाही, मान्य. पण स्टील जायच्या आधी सांगतं. रंगाला तडा जातो, गंज दिसतो, वाकतं, कुरकुरतं. कार्बन वरून गुळगुळीत राहतो आणि एक दिवस काही न बोलता मोडतो. बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना पाठ झालं होतं. तनुजा ऐकून घ्यायची. तिनं एकदाही कार्बन मागितला नव्हता, आणि तेच त्याला लागायचं. मागितला असता तर नाही म्हणता आलं असतं.

अशात उद्धवराव मध्ये आले.

उद्धवराव माण गावचे. जमीन आयटी पार्कच्या पोटात गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांना सकाळी करायला काही उरलं नाही. उमेदीत त्यांनी बैलगाडा शर्यतींचे घाट गाजवले होते. नातू प्रज्वल ट्रॅकवर सायकल चालवायचा तेव्हा त्याच्यासोबत ते बालेवाडीला यायचे. नातू शिकायला कॅनडाला गेला तरी यायचे राहिले नाहीत. मुलींना ते बैल पारखावेत तसे पारखायचे, आणि गंमत म्हणजे चुकायचे नाहीत. तनुजाची दुसरी चाचणी हुकली त्या दिवशी ते कुसुमताईंना, म्हणजे मुलींच्या कोचला, म्हणाले होते की पोरगी खोंडासारखी उधळती, पण गाडा जड हाय.

एका बुधवारी संध्याकाळी ते प्रज्वलची कार्बनची फ्रेम गाडीत घालून स्वतः तळेगावला रोहिदासच्या घरी आले. चहा घेतला, शालनच्या हातच्या शेंगाच्या चटणीची चौकशी केली, आणि म्हणाले, आमच्या भिंतीवर नुसती लटकून हाय, तर पोरीला राहू द्या.

तनुजानं ती फ्रेम एका बोटावर उचलली. खरंच एका बोटावर. तिच्या तोंडावर जे आलं ते रोहिदासनं पाहिलं, आणि आपण पाहिल्याचं तिनंही पाहिलं. मग तिनं फ्रेम लगेच खाली ठेवली आणि कप विसळायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तनुजाच्या मापाच्या पायडलच्या दांड्या त्या फ्रेमला बसवायच्या होत्या, म्हणून रोहिदास ती घेऊन विलासच्या शेडमध्ये गेला. जुन्या दांड्या निघाल्या, पण त्या जिच्यात फिरतात ती फ्रेममधली वाटी जाम झाली होती. विलास बाहेर ग्रीलला रंग देत होता. तो तिथूनच म्हणाला, थांब जरा, दोघं मिळून धरू, कार्बनला शिकंज्यात घालू नको म्हणतात.

रोहिदासला ते ऐकू आलं होतं. पण निळी फ्रेम करताना त्यानं तिला टेबलाला बसवलेल्या ह्याच शिकंज्यात कितीदा तरी धरलं होतं. गोणपाट गुंडाळायचं, आवळायचं. स्टीलला फार तर पोचा येतो, आणि पोचा काढता येतो. त्यानं काळ्या पाइपाला गोणपाट गुंडाळलं, आवळलं, पाना लावला. फ्रेम सरकली. त्यानं शिकंज्याचा दांडा आणखी अर्धा फेरा फिरवला.

आवाज फार मोठा नव्हता. वाळकी शेंग फुटावी तेवढा, पण आतून आलेला.

आणि आता जे सांगायचं ते सांगायला अवघड आहे, पण त्यातच सगळं आहे. तो आवाज आल्यावर रोहिदासला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा बरं वाटलं. अगदी अर्धा क्षण. बघा, काय सांगत होतो मी, असं कुणीतरी त्याच्या आत म्हणालं. मग भीती आली.

गोणपाट काढून पाहिलं तर पाइपावर नखाएवढी केसासारखी रेघ. त्यानं खिशातलं रुपयाचं नाणं काढून पाइप वाजवत नेला. टक, टक, टक, आणि रेघेपाशी थप. पुन्हा वाजवलं. थप. एकवीस वर्षं सांधे तपासणाऱ्या माणसाला आणखी कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेरून विलासनं विचारलं, निघाली का वाटी? निघाली, रोहिदास म्हणाला. वाटी खरंच निघाली होती. मग त्यानं तेलाचा बोळा घेऊन फ्रेम पुसली आणि रेघ दिसेनाशी झाली. धूळ पुसायला म्हणून फिरवला, असं त्यानं स्वतःला समजावलं.

घरी येऊन त्यानं तनुजाला सांगितलं की फ्रेम तिच्या मापाची नाही, लांब आहे, पाठीला त्रास होईल. शिवाय दुसऱ्याची वस्तू, आणि शेवटी स्टील ते स्टील. बोलताना त्याला जाणवलं की हे सगळं आपण आधीही बोललोय, शब्दसुद्धा तेच आहेत, फक्त तेव्हा ते खरे होते. तनुजा "बरं पप्पा" म्हणाली. ती भांडली असती तर त्यानं कदाचित सांगून टाकलं असतं. तिनं भांडण केलं नाही. निळ्या सायकलीच्या चाकांत हवा भरली आणि अभ्यासाला बसली.

पुढच्या गुरुवारी तो फ्रेम परत करायला बालेवाडीला गेला. उद्धवरावांच्या हातात द्यायची आणि निघायचं, असं ठरवलं होतं. घरी भिंतीवर लटकेल, कुणाला कळणार आहे. पण उद्धवरावांनी पायरीवर बसलेल्या चार पालकांना हाका मारल्या. म्हणाले, ह्यो मानूस बघा, आयती मिळालेली वस्तू परत आनतो, लेकीला आपल्या हातानं केलेल्या गाड्यावर बसवतो. असा ताठपणा आमच्यात न्हाई राहिला, जमीन गेली तसा त्योबी गेला.

रोहिदासची मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला.

मग उद्धवराव म्हणाले, फ्रेम घरी नेऊन तरी काय करू, क्लबलाच राहू द्या. कुसुमताईंना आनंद झाला. विजयश्री म्हणून पंधरा वर्षांची एक नवीन मुलगी होती, मारुंजीची, अजून उसन्या सायकलीवर शिकत होती. तिला ही बरोबर बसेल. फक्त प्रज्वलनं सोडल्यापासून फ्रेम पडून आहे, तेव्हा एकदा कुणीतरी तपासायला हवी.

"आता कुनी कशाला?" उद्धवराव म्हणाले. "तपासनारा हितं उभा हाय. रोहिदासभाऊ, मारा तुमची पिवळी."

सगळे त्याच्याकडं बघत होते. विजयश्री हातमोजे काढून उभी होती, लग्नातल्या करवलीसारखी. त्यानं फ्रेम हातात घेतली. अंगठा फिरवला; रेघेच्या जागी त्याचा अंगठा थोडा उचलला गेला, ते फक्त त्याला कळलं. आत्ता सांगावं, असं मनात आलं. पण आत्ता सांगायचं म्हणजे गेल्या गुरुवारचंही सांगायचं, आणि ज्या ताठपणाचं कौतुक चाललं होतं तो कसला होता, तेही. त्याचा हात खिशाकडं गेला. हात आपला आपण गेला, असं तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगणार होता. टोपण निघालं, रेघ ओढली गेली. पिवळी, तिरकी, नेहमीसारखी स्वच्छ.

शुक्रवारी कंपनीत त्यानं सतरा भाग लाल केले. शनिवारी सकाळीच बावीस. सुपरवायझर सयाजी येऊन म्हणाला, भावा, सांध्यांत काही खोट दिसत नाहीये, चष्मा बदलायचा का? रोहिदासनं एक भाग पुन्हा हातात घेतला. सांधा चांगला होता. त्यानं पिवळा मार्कर उघडला, आणि हात पुढं जाईना. शेवटी त्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. तिथून लाल पेटी दिसत होती. दुपारी कटर घेतलेला माणूस आला आणि एकेक भाग कापून टाकू लागला. त्यात चांगलेही होते.

संध्याकाळी तनुजा घरी आली ती खुशीत होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच. विजयश्रीची सायकल आज जोडून झाली, उद्या रविवारी सकाळी आठला ती पहिल्यांदा वर चढणार. वर म्हणजे ट्रॅकच्या वळणावर. तिथं सिमेंट भिंतीसारखं उभं असतं, आणि वेग कमी पडला तर सायकल खाली घसरते. सीट मीच बसवून दिली, तनुजा सांगत होती, चेन मी ताणली. आपल्याला मिळू शकली असती ती वस्तू दुसरीला जोडून देताना तिनं काय गिळलं असेल, ते तिच्या आवाजात कुठंच नव्हतं.

"फ्रेम बघितलीस का नीट?" रोहिदासनं विचारलं. विचारताना तो ताटाकडं बघत होता.

"तुमची खूण होती की पप्पा," ती म्हणाली. "मग मी कशाला बघू?"

शालननं भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली. दुसरीही खाल्ली, कशाबरोबर, ते त्याला सांगता आलं नसतं.

रविवारी कंपनीची बस आली तेव्हा तो स्टॉपवर होता, डबा हातात. तनुजा कधीच पुढं गेली होती. बसचं दार उघडलं. एकवीस वर्षांत रविवारच्या शर्यतीसाठी त्यानं कधी रजा घेतली नव्हती. लेकीची एकही शर्यत त्यानं पाहिली नव्हती, नुसते व्हिडिओ पाहिले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रोहिदास मागं वळला, घरी आला, स्कूटर काढली. शालननं खिडकीतून विचारलं, काय राहिलं? तो म्हणाला, राहिलंय एक काम.

सोमाटण्यापासून रावेतपर्यंत त्याला प्रत्येक सिग्नल लाल लागला. तो ट्रॅकवर पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. विजयश्री खालच्या सपाट पट्ट्यावर फेऱ्या घेत होती, वेग वाढवत होती. कुसुमताई हातात घड्याळ घेऊन उभ्या, तनुजा कठड्याला टेकून तिला ओरडून सांगत होती, खांदे सैल, खांदे सैल. उद्धवराव नेहमीच्या पायरीवर.

रोहिदास कठड्यापाशी धावला आणि तिला थांबवा म्हणाला. कुसुमताईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता हात वर केला. पण फिक्स्ड सायकल हात वर केल्यानं थांबत नाही. विजयश्रीनं मान हलवली, पायांनी चाकाला मागं धरायला सुरुवात केली, आणि तशीच पुढं गेली. पूर्ण एक फेरी, वर अर्धी. वळणावर ती थोडी वर चढली तेव्हा रोहिदासला वाटलं, आत्ता मोडणार. समोरच्या बाजूनं ती लहान दिसत होती. पाय फिरत होते, हळू होत होते, फिरत होते. एवढी लांब फेरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

ती आली. तनुजानं सायकल धरली. रोहिदासनं विजयश्रीला उतरायला सांगितलं, सायकल उलटी केली, खिशातला लाल मार्कर काढला. आपली पिवळी रेघ आधी खोडली. मग नखाएवढ्या जागेभोवती गोल काढला. काळ्या रंगावर लाल फारसं उठत नव्हतं, म्हणून दोनदा काढला. नाणं काढून वाजवलं, गोलाच्या बाहेर आणि गोलाच्या आत. सगळ्यांना ऐकू गेलं.

मग त्यानं सांगितलं. शिकंजा, गोणपाट, विलासनं थांब म्हटलेलं. तेलाचा बोळा. माप लांब आहे म्हणालो ते खोटं. बोलताना तो लायनीवर रिपोर्ट द्यावा तसं बोलला, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं त्याला बोलता आलं नसतं.

विजयश्री सायकलीपासून दोन पावलं मागं सरकली. कुसुमताईंनी तिला तोंडावर पाणी मारून यायला पाठवलं, आणि रोहिदासकडं पाठ करून उभ्या राहिल्या. उद्धवराव पायऱ्या उतरून सावकाश आले. गोलाकडं बघितलं, खोडलेल्या रेघेकडं बघितलं.

"गुरुवारी तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"तरी पिवळी मारली."

"होय."

उद्धवरावांनी गोलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले की वस्तू हाय, मोडायचीच, आमच्या हातनं बैलसुद्धा मोडले. मोडली म्हनला असता तर मी चहा पाजला असता. चार मानसांत मी तुमचं नाव घेतलं, त्याचं आता काय करू, ते तेवढं सांगा.

"तुमच्यात लाल झाल्यावर काय करत्यात?" उद्धवरावांनी विचारलं.

"कापतात. कुणी परत वापरू नये म्हणून."

"मंग कापा," ते म्हणाले. फ्रेमवर एका बाजूला प्रज्वलच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला आणि काढला. "पन माझ्या म्होरं नको." आणि ते गाडीकडं गेले. त्या दिवशी ते पहिल्यांदा सराव न बघता घरी गेले.

तनुजा लाल गोलासमोर उभी होती. आता तिनं विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"नाही." मग त्याला वाटलं, इथवर आलोच आहोत. "मुद्दाम नाही. पण आवाज आला ना, तेव्हा आधी बरं वाटलं मला. मग भ्यालो."

तनुजानं मान हलवली. कळलं म्हणून, की पुरे म्हणून, ते त्याला समजलं नाही. ती तिच्या निळ्या सायकलीपाशी गेली. सीट आणि हँडल जमिनीला टेकवून सायकल उलटी ठेवली, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि पहिल्या सांध्यावरून अंगठा फिरवायला लागली. डोळे बारीक करून, अगदी त्याच्यासारखी. पोटाखाली पिवळी रेघ होती, तिच्याकडं तिनं बघितलंही नाही. दोन सांधे झाल्यावर वर न बघता तिनं हात पुढं केला.

"नाणं द्या."

"तनू, स्टीलला नाण्यानं काही कळत नाही. ते कार्बनचं..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "द्या तरी."

त्यानं दिलं. ती एकेक पाइप वाजवत निघाली, सावकाश, कुठलीही घाई न करता. टण. टण. कुसुमताईंनी शिट्टी मारून बाकीच्या मुलींना ट्रॅकवर बोलावलं. रोहिदास तिथंच उभा राहिला, डब्याची पिशवी हातात धरून, आणि प्रत्येक टण नीट ऐकत राहिला.